मागच्या खोलीची कॉम्पिटन्सी

“हिची कसली परीक्षा घेताय सर? संडासाचं काम हिला घरूनच येतं.”

असं मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या मालकीण, एमडी पॅथॉलॉजिस्ट. नाशकात शरणपूर रोडला त्यांची रक्त-लघवी तपासायची मोठी लॅब आहे आणि मी तिथे टेक्निशियन आहे. दुपारची वेळ होती. पुढच्या काचेच्या खोलीत आम्ही सगळे टेक्निशियन भिंतीला पाठ लावून उभे होतो. आमची कॉम्पिटन्सी चालली होती. म्हणजे कुणाला कुठलं काम नीट करता येतं याची वर्षातून एकदा होणारी तपासणी.

सगळे हसले. क्वालिटी मॅनेजर हसले, त्यांना आम्ही क्वालिटी सर म्हणतो. माझ्या शेजारी उभी असलेली मेघना हसली. रिसेप्शनवरची मुलगी दारात फाइल घेऊन उभी होती, तिला काय झालं ते कळलंसुद्धा नव्हतं, तीही हसली. मालकीण हसली की हसायचं असतं. मी हसले नाही. माझ्या हातात ग्लोव्ह्ज होते, ते मी उगाच सरळ करत राहिले.

सरांनी माझ्यापुढे कागद सरकवला. बाकीच्यांना निदान एकेक प्रश्न तरी विचारला होता. सॅम्पल गोठलेलं आलं तर काय करशील? कंट्रोल चुकला तर कुणाला सांगशील? मेघनाला तर रक्ताचा थेंब काचेवर पसरून दाखवायला लावलं होतं. मला काहीच नाही. माझ्या कागदावर सगळ्या टेबलांपुढे आधीच बरोबरच्या खुणा मारून ठेवल्या होत्या. रक्ताचं मशीन, सक्षम. बायोकेमिस्ट्री, सक्षम. लघवी आणि संडास, सक्षम. खाली छापलं होतं, ‘प्रत्यक्ष काम करताना पाहिले’. कोणी पाहिले? रक्ताच्या मशीनला मी कधी हातही लावला नव्हता. लावू दिला नव्हता.

“कर सही,” सर म्हणाले. “तुझं आपलं सोपं आहे.”

सही केली. नोकरी होती, घरभाडं होतं. आणि तिथे सगळेच अशा सह्या करायचे. वर्षभर कुणी कुणाला तपासायचं नाही, आणि मान्यता देणारी माणसं बाहेरून यायची झाली की एका दुपारी सगळ्यांना सक्षम करून टाकायचं, ही आमच्या लॅबची रीतच होती. लग्नघरी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी जाळी-जळमटं काढतात, तसं. पण इतर जण ज्या कामाची सही करायचे ते काम रोज करत होते. खोटी होती ती फक्त तपासणी. माझ्या बाबतीत कामही खोटंच होतं.

आता हे कसं झालं ते सांगते.

मी नामपूरजवळच्या खेड्यातली. आम्ही बौद्ध. वडील लवकर गेले. आई नामपूरच्या मार्केटात कांदा निवडायला जायची. मी सटाण्याला बीएस्सी केलं, नाशकात येऊन डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला. आता आई माझ्याजवळ सिडकोत असते, भाड्याच्या दोन खोल्यांत.

या लॅबमध्ये मुलाखतीला गेले तेव्हा मॅडम फार गोड बोलल्या होत्या. “आपल्याकडे रोटेशन असतं हं. दर महिन्याला टेबल बदलायचं. सगळ्यांना सगळं आलं पाहिजे.” मला बरं वाटलं. आधीच्या छोट्या लॅबमध्ये नुसतं सुया टोचायचं काम होतं. इथे मोठी मशीन होती. रक्ताच्या मशीनवर बसायचं, स्लाइड बघायची, पुढेमागे एखाद्या सेक्शनची इन्चार्ज व्हायचं, असं सगळं मी मनात मांडून बसले होते. पहिले काही आठवडे मला पुढेच, सॅम्पल घ्यायला ठेवलं. पुढच्या महिन्यात रक्ताचं मशीन, असं सरांनी सांगितलंही होतं.

मध्ये एप्रिल आला. मी जयंतीची सुट्टी मागितली.

मॅडमनी अर्जावरून नजर वर केली. “कसली जयंती?” विचारलं, आणि मी सांगायच्या आतच त्यांना समजलं. “अच्छा. म्हणजे तू त्यातली. आडनावावरून वाटत नाही गं.”

सुट्टी दिली. त्यांनी सुट्टी नाकारली नाही हे मुद्दाम लिहिते, कारण असल्या माणसांना नाही म्हणावं लागत नाही. सोमवारी कामावर आले तर सरांनी मला पुढे थांबू दिलं नाही. “तू मागे बस. लघवी-संडासाला माणूस कमी पडतंय.”

तेव्हापासून मी मागे आहे. इतकी वर्षं झाली, तिथे माणूस अजून कमीच पडतंय.

मागची खोली बाथरूमला लागून आहे. आधी तिथे झाडू, बादल्या आणि फिनेलचे कॅन असायचे. आता एक टेबल, एक मायक्रोस्कोप, एक सिंक आणि फडफडणारा एक्झॉस्ट. पुढच्या खोलीला काच आहे, एसी आहे, पेशंटना आत चाललेलं काम दिसतं. मागची खोली कुणाला दिसत नाही. गावाची जशी रचना असते, लॅबची तशीच आहे. फक्त टाइल्स नव्या आहेत.

आता कुणी म्हणेल, काम ते काम, त्यात कमी काय? मीही हेच म्हणते. काम कमी नाही. संडासाच्या डबीत पोराच्या पोटातला जंत सापडतो, म्हाताऱ्याच्या आतड्यातून जाणारं रक्त सापडतं. पहिल्या वर्षी मी ते काम आवडीनं केलं. कुणी तरी ते करायलाच हवं, आणि नीट करायला हवं. पण ते सगळ्यांनी आळीपाळीनं करायचं असं लॅबच्या नियमात लिहिलं आहे. सगळ्यांनी आळीपाळीनं करायचं काम जेव्हा एकीच्याच गळ्यात पडतं, आणि ती एक कोण हे तिच्या सुट्टीच्या अर्जावरून ठरतं, तेव्हा ते काम राहत नाही. ते जुनंच आहे, ज्याच्यातून माझे आजोबा बाहेर पडले ते.

एकदा मी कोट पुढच्या खुंटीवर टांगला. सर म्हणाले, “इथे नको. इन्फेक्शन कंट्रोल.” एकदा फ्रिजमधून रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, घ्यायला काचेच्या खोलीत गेले. “तू नको येऊस आत, आवाज दे, कुणी तरी आणून देईल. हायजीनचा प्रश्न आहे.” माझे रिपोर्ट मी मधल्या खिडकीतून द्यायचे. शब्द बघा किती स्वच्छ आहेत. आईच्या वेळी गावात कुणी हायजीन म्हणत नव्हतं, सरळ विटाळ म्हणायचे. निदान कळायचं तरी, कोण काय म्हणतंय ते.

मीही आधी खरंच मानलं. म्हटलं, असेल नियम, जंतू असतात, बरोबरच आहे. मग मला टायफॉइड झाला आणि आठवडाभर घरी राहावं लागलं. माझ्या जागी मेघनाला मागे बसवलं. मेघना माझ्यानंतर लागलेली, देवळ्याची, वडिलांचं खताचं दुकान. मी बरी होऊन परत आले तो तिचा मागच्या टेबलावरचा शेवटचा दिवस होता. दुपारी बघते तर मागचाच कोट अंगावर, काचेच्या खोलीत खुर्चीवर मांडी घालून भेळ खातेय. सर शेजारी बसून तिच्याच कागदातली भेळ खातायत. इन्फेक्शन कंट्रोल कुठे गेला होता? हायजीन काय टायफॉइडच्या रजेवर होतं? त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जंतू डबीत नव्हते. त्यांच्या लेखी ते माझ्या अंगावर होते, कोट काढला तरी न जाणारे.

मी रोटेशन मागितलं. तोंडी मागितलं, लेखी मागितलं. दर वेळी सरांचं एकच उत्तर. “अगं, पेशंटच्या जिवाचा प्रश्न असतो. तुला त्या मशीनची कॉम्पिटन्सी नाही. चुकीचा रिपोर्ट गेला तर?”

“मग शिकवा ना सर.”

“आत्ता वेळ कुठंय? बघू पुढच्या महिन्यात.”

म्हणजे बघा. काम देत नाही, कारण येत नाही. येत नाही, कारण काम देत नाही. आणि बाहेरची माणसं तपासायला यायची झाली की तीच मी, त्याच मशीनची, कागदावर सक्षम. कारण कागदावर एकीला मागे डांबून ठेवलेलं दाखवता येत नाही. बाहेरच्यांना रोटेशन दाखवायचं असतं. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. दाखवायच्या दातांवर सही माझी.

माझ्यानंतर आलेल्या पोरी रक्ताच्या मशीनवर बसल्या, शिकल्या, चुकल्या, पुन्हा शिकल्या. मेघनानं सुरुवातीला एका सॅम्पलचं नाव दुसऱ्याला लावलं होतं. मॅडम म्हणाल्या, “होतं गं, शिकशील.” चुकण्याचाही हक्क असतो, तो माणसाला कुणी तरी द्यावा लागतो हे मला त्या दिवशी कळलं. मला कधी चुकूसुद्धा दिलं नाही.

तर त्या दुपारी सगळे हसले आणि मी सही केली. संध्याकाळी घरी आले, चप्पल काढली आणि तशीच भिंतीला टेकून बसले. आई मेथी निवडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“काय व्हयनं?”

मी सगळं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या ते सांगताना मात्र मला रडू आलं. आईचं तोंड कडक झालं. असलं बोलणं तिनं जन्मभर ऐकलेलं. तिनं भलतंच विचारलं.

“तुले येस का ते मशीनचं काम?”

“नाही.”

“मंग सही कसाले करस?”

मी चिडले. म्हटलं, “आई, तुला कळत नाही. तिथे सगळे करतात. नाही केली तर काढतील.”

“काढतीन,” आई म्हणाली. मेथीची काडी बाजूला टाकली. “मार्केटमा सडेल कांदाना ढीग आमनाच वाटाले यायचा. आमनाच बायांना. मी निवडा, नाक दाबीसन निवडा. पन मुकादम म्हने, गिऱ्हाईकले सांग चांगला शे. ते मी कधी सांगं नही. सडेलले मी चांगला म्हनस नही.”

एवढं बोलून ती उठून भाजी धुवायला गेली. मी बसून राहिले. मला आधी आईचाच राग आला. तिला काय जातंय बोलायला, उद्या भाडं कोण भरणार? मग हळूहळू राग जिथे जायला हवा तिथे गेला. मॅडमनी माझा अपमान केला ही एक गोष्ट. पण त्यांनी केलेल्या त्या अपमानाला मी माझ्या हातानं वर्षानुवर्षं चांगलं म्हणत होते. बाहेरच्या माणसानं विचारलं, इथे सगळं ठीक आहे ना, तर कागद म्हणत होता, हो, ठीक आहे, आणि खाली माझं नाव. त्यांनी मला मागच्या खोलीत टाकलं होतं आणि दाराला कुलूप लावायला माझाच हात वापरत होते. त्याचा मला एवढा संताप आला की त्या रात्री मी जेवले नाही.

मान्यतेची तपासणी पुढच्या आठवड्यात होती. आदल्या संध्याकाळी सर खिडकीपाशी आले. आत आले नाहीत, खिडकीपाशी आले.

“उद्या तू सुट्टी घे.”

“का सर?”

“घे ना. पगारी देतोय. आईला घेऊन त्र्यंबकला वगैरे जाऊन ये.”

आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना पक्कं माहीत होतं. माहीत नसतं तर मी त्या खोलीत नसते. तरी मला देवदर्शनाला पाठवत होते. मी म्हटलं, “मला सुट्टी नको सर. मी येणार आहे.”

“अगं, असेसर काही उलटसुलट विचारतात. तू गडबडशील.”

“गडबडले तर गडबडले.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू टेबल बोललं. मग म्हणाले, “ये. पण मागेच थांब. बोलावल्याशिवाय पुढे यायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी लॅब नवरीसारखी सजली होती. सगळ्यांचे कोट इस्त्रीचे. माझ्या खोलीतली जुनी बादलीसुद्धा कुणी तरी हलवली होती. असेसर म्हणून पिकल्या केसांचे एक डॉक्टर आले, बाहेरगावचे, शांत माणूस. मागे आले, माझं काम पाहिलं, एकदोन प्रश्न विचारले, मान हलवली आणि गेले. सरांनी जाताना माझ्याकडे बघून सुटकेचा निःश्वास टाकला. थोड्या वेळानं पुढून हाक आली. असेसरांनी कॉम्पिटन्सीच्या फाइलमधून एक कागद काढला होता. तो माझा निघाला.

मी काचेच्या खोलीत गेले. सह्यांच्या दुपारी सोडल्या, तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी अडवलं नाही.

असेसर म्हणाले, “या. या रक्ताच्या मशीनवर सकाळचा कंट्रोल कसा लावता, जरा करून दाखवा.” मशीन बरोबर आकडे देतंय की नाही हे बघायला पेशंटच्या आधी कंट्रोल लावतात. रोजचं काम. खोलीतल्या प्रत्येकाला येतं. मला सोडून.

सर मध्ये आले. “सर, त्या आज मागच्या सेक्शनला आहेत. मेघना दाखवते ना.”

“पण कागदावर या सक्षम आहेत. यांनाच दाखवू द्या.”

मॅडम दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या. इतकं गोड हसणं मी त्यांच्या तोंडावर मुलाखतीनंतर पाहिलं नव्हतं. मेघनानं मागून हळूच बोट दाखवलं, कुठलं बटण आधी दाबायचं ते. मला ते दिसलं. दाबलं असतं तर कदाचित निभावलंही असतं.

मी म्हटलं, “मला येत नाही.”

“म्हणजे?”

“या मशीनला मी कधी हात लावलेला नाही सर. मला मागच्या खोलीबाहेर बसू दिलेलं नाही.”

“मग ही सही कुणाची?”

“माझी. कागद आधी भरलेला होता. माझं काम कुणी पाहिलं नाही, मला काही विचारलं नाही. सही कर म्हणाले, केली.”

असेसरांनी सरांकडे पाहिलं. सर कपाळ पुसत होते. मग असेसरांनी मला विचारलं, “पण बसू का दिलं नाही?”

“मी बौद्ध आहे म्हणून.”

कुणी हसलं नाही. रिसेप्शनवरची मुलगी दारात होती, ती आपल्या काउंटरकडे निघून गेली. मॅडमचं हसू तसंच तोंडावर राहिलं, फक्त त्यातलं गोड गेलं. मला वाटलं होतं, आता काही तरी होईल. एवढा मोठा माणूस आहे, बाहेरचा आहे, त्याला मॅडमची भीती नाही. तो काही तरी म्हणेल.

असेसरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “हे बघा,” ते म्हणाले, “प्रशिक्षणाची नोंद चुकीची आहे, ते मी लिहीन. बाकीचं जे तुम्ही म्हणताय ते आमच्या कक्षेत येत नाही.”

आणि त्यांनी लिहिलं, कर्मचाऱ्यांच्या क्षमता-तपासणीत त्रुटी. पान उलटलं. पुढचा फ्रिज बघायला गेले, त्याचं तापमान पाहिलं. फ्रिज किती थंड आहे हे त्यांच्या कक्षेत येत होतं. एका टेक्निशियनला तिची जात बघून संडासाच्या टेबलाशी वर्षानुवर्षं बांधून ठेवलं, हे येत नव्हतं. मग कुणाच्या कक्षेत येतं? मला कुणी तरी तो पत्ता द्या, मी तिथे चालत जाईन.

संध्याकाळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाल्या नाहीत.

“जात कशाला काढलीस मध्ये? आमच्याकडे कधी कुणी जात काढली?”

“तुम्हीच काढली मॅडम. हे काम हिला घरूनच येतं म्हणालात.”

“अगं, गंमत होती ती! एवढं लागतं का कुणाला?”

“मेघनाची अशी गंमत कधी केली नाहीत.”

मग आवाज बदलला. मी अन्नाला जागले नाही. माझ्यामुळे सगळ्यांच्या पोटावर पाय येणार. मला आईसारखं सांभाळलं, त्याची ही फेड. शेवटी म्हणाल्या, “तुला इथे बरं वाटत नसेल तर राजीनामा दे. मी चांगलं सर्टिफिकेट देईन. सगळ्याची सक्षम आहेस असं लिहून देईन.”

एवढं होऊनही! पुन्हा सक्षम लिहून देणार होत्या. चोर तो चोर आणि वर शिरजोर. मी म्हटलं, “राजीनामा देणार नाही. मला शिकवा,” आणि बाहेर आले.

बाहेर मेघना हात धूत होती. धुतलेले हात पुन्हा धूत होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, “असं सगळ्यांसमोर बोलायला नको होतंस गं. मला सांगायचंस. मी शिकवलं असतं तुला मशीन. अजूनही शिकवते. सगळे गेल्यावर थांबत जा, कुणाला कळणार नाही.”

ती मनापासून म्हणत होती. वाईट मुलगी नाही ती. म्हणूनच मला जास्त राग आला.

“चोरून का शिकू?” मी म्हटलं. “तू चोरून शिकलीस का? तुला सरांनी खुर्ची देऊन शिकवलं. शिकवायचं तर ड्युटीत शिकव, सगळ्यांच्या देखत.”

“मॅडम मला काढतील.”

“मग नको शिकवूस. पण दया नको करूस.”

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. बाकीचे तेवढंही नाही. चहाची वेळ झाली की सगळे गच्चीवर जातात आणि मला हाक मारत नाहीत. आधीही फार मारत नव्हते, त्यामुळे चहाचं फार दुःख नाही.

त्रुटी निघाली की ती दुरुस्त करून कळवावी लागते. सरांनी दुरुस्ती केली. मागच्या सोमवारी ते खिडकीपाशी आले आणि नवा कागद आत सरकवला. रक्ताचं मशीन, अक्षम. बायोकेमिस्ट्री, अक्षम. लघवी आणि संडास, सक्षम. खाली सहीची जागा.

मी वाचलं. दोनदा वाचलं. किती हुशार माणसं! मी खरं बोलले होते ना, मग त्या खऱ्याचीच भिंत बांधली. आधी मी खोटं खोटं सगळीकडे होते. आता खरं खरं कायमची मागच्या खोलीत. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर सांगायला मोकळे, बघा, तिला येतच नाही, तिनं स्वतः कबूल केलंय, सही आहे.

“आता खरं लिहिलंय ना?” सर म्हणाले. “तुला खरंच हवं होतं. कर सही.”

“हेही खोटं आहे सर.”

“काय खोटं आहे यात? तुला येतं का मशीन?”

“येत नाही. पण अक्षम नाही लिहायचं. शिकवलं नाही, असं लिहा. कुणी शिकवलं नाही तेही लिहा. मग सही करते.”

“असं लिहायला फॉर्ममध्ये जागा नसते.”

“मग जागा करा.”

ते कागद घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत आणला, तसाच. मी परत दिला. मग मॅडमनी आणला, स्वतः, माझ्या खोलीच्या दारापर्यंत. आत पाऊल टाकलं नाही. मी त्यांच्या हातातून घेतला, वाचला आणि त्यांच्या हातात दिला. मॅडम म्हणाल्या, “तुझं भवितव्य तुझ्या हातात आहे.” मी म्हटलं, “हो.”

कागद अजून बिनसहीचा आहे. मी अजून कामावर आहे. उद्या काढतील, परवा काढतील, मला माहीत आहे. काढा. पण कारण लिहून काढा, आणि खाली तुमची सही करा. तो कागद घेऊन मी कामगार आयुक्तांकडे जाणार, तिथे ऐकलं नाही तर पोलिसात जाणार, आणि तिथेही कुणी म्हणालं की हे आमच्या कक्षेत येत नाही, तर त्याच्याकडूनही ते लिहून घेणार.

रोज सकाळी मी आधी काचेच्या खोलीच्या दारात जाते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सरांना विचारते, “सर, मशीनवर शिकवायला कधी घेताय?” ते मान वर करत नाहीत. मी उत्तर मिळेपर्यंत थांबते. ते “बघू” म्हणाले की मगच मागे जाते. मागच्या डब्याही तपासते, नीट तपासते, कारण त्या डब्यांमागे आजारी माणसं आहेत आणि त्यांचं माझ्याशी काही भांडण नाही.

मी ते मशीन शिकणार आहे. ड्युटीच्या वेळेत, खुर्चीवर बसून, बाकीच्या पोरींना जसं शिकवलं तसं. मग माझी परीक्षा घ्या. कडक घ्या, प्रश्न विचारा, समोर उभं राहून बघा. चुकले तर नापास करा, मी नापास म्हणून सही करीन. त्याआधी माझ्या नावापुढे सक्षम लिहू नका, आणि अक्षमही लिहू नका.